झुवैनाची बोरी

रुस्ताकच्या ज्या गल्लीत डांबर संपतं
आणि वादीचे गोटे सुरू होतात,
तिथे नाइट ड्यूटीवरून येताना
टाचेला बी टोचली.
वर पाहिलं, तर बोरी.
एक काटा सरळ, एक उलटा.
सरळ टोचतो, उलटा ओढणी धरून ठेवतो,
बस म्हणतो जराशी.

"सिद्र," म्हातारी म्हणाली, हनुवटीनेच दाखवत.
"बोरी," मी म्हणाले.
तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणे.
झुवैना फारशी बोलायची नाही
आणि विकायचीही नाही.
पडलेलं ज्याचं त्याचं:
शाळेतून येणाऱ्या पोरांचं, बकऱ्यांचं,
बुलबुलांचं, आणि पहाटे येणाऱ्या कोल्ह्याचं,
जो बिया घेऊन जायचा पार डोंगरापलीकडे
आणि नको तिथे पेरून यायचा.

केतकीचं बोरन्हाण केलं त्या जानेवारीत
सोलापूरचा हलवा कुरिअरमध्ये वितळून
एक गोळा होऊन आला. चुरमुरे मलबाऱ्याच्या दुकानातले.
ऊस नाहीच.
बोरं तेवढी झुवैनाची,
खजुराच्या पात्याच्या टोपलीत, धुतलेली, देठं काढलेली.
मी पोरीच्या डोक्यावर ओतली
तशी ती ओरडलीच, तोंडावर हात नेऊन.
लेकराला खाण्याने मारतात का कुणी?
मग पोरं गोळा करायला धावली
आणि त्यांच्यात तीही, गुडघ्यांवर,
बुरख्याचं टोक कमरेला खोचून.

कार्तिकात (इथे कार्तिक मी एकटीच मोजते)
बारीक हिरवट फुलं येतात, दिसतही नाहीत,
पण खाली उभं राहिलं की झाड वाजतं.
खजुराच्या पोकळ ओंडक्यातल्या माश्या दिवसभर ये-जा करतात.
तिचा नातू मुहन्ना तो मध सोन्याच्या भावाने विकायचा.
झुवैना मला देताना बाटलीवर फडकं गुंडाळायची,
त्याला दिसू नये म्हणून.

वादीला पाणी आलं त्या रात्री
भिंत गेली, दोन गाड्या गेल्या,
मशिदीमागची मोटर गेली.
सकाळी पाहिलं, तर बोरीची मुळं उघडी,
मांडीएवढी जाड, काठ गच्च धरून,
आणि फांद्यांत अडकलेलं कुणाचं तरी प्लॅस्टिकचं घमेलं.
त्यानंतर मुहन्ना झाड तोडायचं कधी बोलला नाही.

ती गेली तेव्हा मी वॉर्डात नव्हते. सुट्टी होती.
मुहन्नाची बायको धावत आली, म्हणाली, पाला हवाय,
आणि स्वतःच रडायला बसली.
मग मीच ओरबाडला.
मला ते काटे ठाऊक होते, माझे हात तिथेच वाढलेले,
माणदेशात, बोरीबाभळीत.
आत बायकांनी पाला चेचला, पाण्यात घुसळला,
साबणासारखा हिरवा फेस आला.
मला उंबऱ्यापर्यंतच.
दाराच्या फटीतून आधी पाल्याचा वास आला,
मागाहून कापराचा.
कापूर! मी दचकले.
कापूर म्हणजे आमच्याकडे आरती.

हातांवर ओरखडे राहिले होते.
दुसऱ्या दिवशी सिस्टर लीलाम्मा म्हणाली, मांजर पाळलंस का?
मी हो म्हणून टाकलं.

केतकी आता सात वर्षांची.
ती बोर चघळते, बी फलजच्या कडेला थुंकते,
तिला म्हटलं तर म्हणते, कोल्हा पण असंच करतो ना.
त्यातली एक बी उगवली. बकरीने खाल्ली.
पुन्हा उगवली, पुन्हा खाल्ली.
आता मी दुधाचा जुना क्रेट पालथा घातलाय तिच्यावर
आणि वर दगड.
मुहन्ना जाता-येता बघतो.
काल तो दगड बदललेला दिसला,
आधीच्यापेक्षा मोठा.